माती पुन्हा घट्ट होत नाही

छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२४

प्रा. डॉ. इंद्रजीत औताडे यांस,
स. न. वि. वि.

माझ्या ई-मेलना आपल्या कार्यालयाकडून ‘सर प्रवासात आहेत’ एवढंच उत्तर येतं, म्हणून हे पत्र पोस्टानं बंगळुरूला पाठवते आहे. पाकिटावर ‘खासगी’ लिहिलंय. आत खासगी काही नाही. पण तसं लिहिल्याशिवाय ते आपण स्वतः फोडणार नाही.

विषय माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी मोनाली गव्हांडे हिचा आहे. आपण तिचे सहमार्गदर्शक आहात हे आपल्याला आठवत असेल असं धरून चालते.

मंगळवारी तिच्या प्रगतीच्या बैठकीत आपण पडद्यावर आलात, समितीला ‘मुलीचा हात कच्चा आहे’ असं सांगितलंत आणि कॅमेरा बंद केलात. त्यामुळे पुढचं आपल्याला दिसलं नाही. समितीनं तिला उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर निष्कर्ष जुळले नाहीत तर नोंदणी रद्द. ती खुर्चीतून उठली तेव्हा तिच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि गडगडत समितीच्या टेबलाखाली गेली. ती घ्यायला कुणी वाकलं नाही. मीच वाकले.

आपल्या दोघांच्या २०१६ च्या शोधनिबंधात असं लिहिलंय की चिकणमाती आणि पॉलिमर यांचा हा जेल जोरानं घुसळला की पातळ होतो, आणि त्याला हलका हादरा दिला की पुन्हा पहिल्याइतकाच घट्ट होतो. कितीही वेळा मोडा. आपल्या प्रत्येक भाषणात हे वाक्य असतं. मोनाली तीन वर्षं हेच करून बघते आहे. उन्हाळ्यात जेल घट्ट होतो, पावसाळ्यात होत नाही. उन्हाळ्यातही चार-पाच फेऱ्यांनंतर त्याच्या कडेला भेगा पडतात. आपल्या आलेखात मात्र वीस फेऱ्या आहेत आणि विसाव्या फेरीतही जेल तसाच्या तसा.

मला एवढंच विचारायचं आहे. ती मोजमापं घेताना जेलच्या कडा वाळू नयेत म्हणून आपण काय केलं होतं? यंत्रातून आलेले मूळ आकडे आपल्याकडे असतील तर पाठवावेत.

कळावे,
डॉ. मंजुषा हिवराळे
सहयोगी प्राध्यापक, भौतिकशास्त्र विभाग


९ फेब्रुवारी २०२४

प्रा. औताडे यांस,

आपलं उत्तर मिळालं. संस्थेचं बोधचिन्ह छापलेल्या जाड कागदावर पाच ओळी. ‘आपल्याकडे वीज जाते, वातानुकूलन भरवशाचं नाही. अशा ठिकाणी इतकी नाजूक मोजमापं होत नसतात. मुलीला दुसरा विषय द्यावा.’

ज्या खोलीत होत नसतात असं म्हणता, त्याच खोलीत आपली झाली. त्याच रिओमीटर यंत्रावर. वीज तेव्हाही जात होती. एसी तेव्हाही टपटप गळत होता, आणि त्याच्याखाली ठेवायची लाल बादली आपणच औरंगपुऱ्यातून आणली होती. बंगळुरूच्या खिडकीतून ती खोली गरीब दिसायला लागली असेल. आपल्याला तिथवर नेलं ते ह्याच खोलीत निघालेल्या एका आलेखानं.

आता ऐका. मोनालीनं दुसरा विषय घेतलेला नाही. तिनं जेलच्या कडेनं तेलाचं पातळ कडं घातलं, म्हणजे हवा लागायला नको, पाणी उडायला नको. बाकी सगळं आपण लिहिलंय तसंच. जेल मोडला, हादरा दिला, वाट बघितली. काही नाही. पातळ तो पातळच. मग तेल काढून तेच केलं. घट्ट झाला. म्हणजे हादऱ्यानं काही होत नव्हतं. कडा वाळत होत्या. आपल्याकडची कोरडी हवा जेलमधलं पाणी ओढून घेत होती आणि आपण दोघांनी त्याला शोध म्हटलं.

परवा तिची आई आली होती, कडूबाई. सोयगावहून एसटीनं. पायरीवरच बसल्या, आत यायला तयार होईनात.

“बाई, पोरगी जेवत नाय. घरी चल म्हनलं तर येत नाय. तिच्याच्यानं व्हत नसंल तर सांगा, आमी नेतो. त्येच्यात काय लाज नाय.”

“तिच्याच्यानं होतंय, मावशी.”

“मंग ते मोठे सर तर नाय म्हनले.”

“ते चुकले.”

“मोठे सर बी चुकत्यात व्हय?”

मी त्यांना चहा पाजला आणि सेंट्रल बस स्टँडपर्यंत सोडून आले. येताना रस्त्यात मला एवढा राग आला की क्रांती चौकात सिग्नल हिरवा झालेला कळला नाही. मागून शिव्या बसल्या.

‘आपण’ लिहायचं ठरवलं होतं. ते आता जमत नाही. लासूरला तुझ्या आईसमोर ‘अहो’ आणि लॅबमध्ये ‘तू’, असं सहा वर्षं केलंय मी. हे पत्र लॅबमधून लिहितेय, तेव्हा तू.

इंद्रजीत, चूक होते. कडा वाळणं ही आपल्या शास्त्रात कुणाचीही होऊ शकणारी चूक आहे. दोघांनी मिळून नियतकालिकाला लिहू: आमचं चुकलं, कारण हे, दाखवून दिलं मोनाली गव्हांडे हिनं. तुझ्यासारख्यानं असं लिहिलं तर तुझी किंमत वाढेलच. समितीला पोरीबद्दल दोन ओळी लिही. मी थांबते.

मंजुषा


५ मार्च २०२४

इंद्रजीत,

आज मोनाली माझ्या केबिनमध्ये आली आणि तिनं दार लावून घेतलं.

“मॅडम, एक दाखवू? रागावू नका.”

तिनं आपला आलेख मोठा करून छापला होता. २०१६ पासून जगासमोर छापलेला आलेख. तू शंभर भाषणांत दाखवलेला, मी दरवर्षी एम.एस्सी.च्या पोरांना शिकवलेला. त्यातली प्रत्येक फेरी तिनं वेगळ्या कागदावर घेतली होती. तिनं तिसऱ्या फेरीचा कागद खिडकीच्या काचेवर धरला आणि त्याच्यावर अकराव्या फेरीचा ठेवला.

“हे एकच आहे, मॅडम.”

“एकच म्हणजे?”

“रेघेची थरथर तीच आहे. बघा ना. इथं खाली जाते, इथं दोनदा वर उडते, मग इथं सपाट. अकराव्यात बी तेच. फक्त रेघ जरा वर सरकवलीय. चौथी आन् बारावी पण तशीच. पाचवी आन् तेरावी...”

दोन्ही कागद काचेवर एकावर एक बसले होते.

ज्यानं आयुष्यात एकदा यंत्रावर काही मोजलंय त्याला हे समजावायची गरज नाही. यंत्राची थरथर दुसऱ्यांदा तशीच येत नाही. कधीच नाही. पाच फेऱ्या तू मोजल्यास. पुढं जेल फाटायला लागला, जसा मोनालीचा फाटतो. मग पुढच्या फेऱ्या तू टेबलावर बसून तयार केल्यास.

वाळलेल्या कडा ही चूक होती. ही चूक नाही.

मोनालीला मी म्हटलं, तू हॉस्टेलला जा, जेव, झोप. ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझा हात कच्चा नव्हता?” तीन वर्षं, इंद्रजीत. पोरगी तीन वर्षं तुझ्या कल्पनेतल्या फेऱ्यांच्या मागं पळत होती. तू तिचा सहमार्गदर्शक होतास. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ते निघणार नाही. तरी तू दर सहा महिन्यांनी पडद्यावर यायचास आणि तिला सांगायचास, अजून नीट कर.

आता माझ्याबद्दल.

ह्या फेऱ्या झाल्या त्या मे महिन्यात मी कन्नडला होते. आईच्या पोटात पाणी झालं होतं. दवाखान्यातून घरी आणली होती आणि सगळ्यांना कळून चुकलं होतं. यंत्रावर आपला जेल अर्धा मोजून ठेवला होता. मी तुला फोन केला, म्हणाले, दोन दिवस येऊन फेऱ्या संपवते, मग परत जाते. तू म्हणालास, “वेडी आहेस का? तू आईकडं बघ. इथलं मी बघतो.”

त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली तुला माहीत नाही. तुझी आई मला देवघरात जाऊ देत नव्हती तेव्हा मी मनात म्हणायचे, पण त्यानं मला आईपाशी राहू दिलं. तू बंगळुरूला एकटा गेलास, मला ‘तिथं तुझ्यासाठी जागा नाही’ म्हणालास, तेव्हाही. कोर्टात वकील तुझ्याबद्दल वाटेल ते बोलायला सांगत होता, मी बोलले नाही. म्हटलं, माझी आई मरत होती तेव्हा ह्या माणसानं माझं काम ओढलं.

तू माझं काम ओढत नव्हतास. मी नसल्याची सोय बघत होतास. मी असते तर म्हणाले असते, जेल फाटतोय, थांबव. तुला दोन दिवस माझी नजर नको होती, आणि माझ्या आईनं ती सोय करून दिली.

निबंधावर सही मी केली. आईच्या पुण्यानुमोदनानंतर परत आले, तू आलेख पुढं ठेवलास, आणि मी आनंदानं रडले.

मंजुषा


२२ एप्रिल २०२४

इंद्रजीत,

फोनवर मला बोलता आलं नाही, कारण तू बोलूच दिलं नाहीस. म्हणून इथं.

तू म्हणालास, “मंजू, सगळेच थोडंफार साफसूफ करतात.” आधी मला मंजू म्हणायचं नाही. आणि साफसूफ म्हणजे काय? टेबलावरची धूळ पुसणं म्हणजे साफसूफ. नसलेल्या फेऱ्या काढणं म्हणजे बनवाबनवी.

तू म्हणालास, “तुझी व्हायची प्रोफेसरशिपसुद्धा त्याच शोधनिबंधावर आहे.” माहीत आहे. माझ्या नावावर तेवढा एकच निबंध आहे जो परदेशातले लोक वाचतात. बाकीचे मी आणि माझ्या पोरांनी गळक्या एसीखाली काढलेले, कुणी न वाचलेले आहेत. ते खरे आहेत.

तू म्हणालास, “लोक काय म्हणतील? सोडलेली बायको सूड उगवतेय.” कोर्टातला अर्ज माझ्या नावानं आहे. सोडलेला तू आहेस. पण तू बरोबर बोललास. लोक तेच म्हणाले.

परवा आमचे विभागप्रमुख, तात्यासाहेब गाडेकर यांनी बोलावून घेतलं.

“मंजुषाताई, बसा. चहा सांगू?”

“नको सर.”

“इंद्रजीतचा फोन होता. आपल्याच विभागाचा पोरगा, इतका वर गेला. तुमच्या दोघांत घरचं जे काही असेल...”

“घर मोडून सहा वर्षं झाली, सर. मी मातीबद्दल बोलतेय.”

“ते झालं हो. पण त्या निबंधावर विभागाचं नाव आहे. मूल्यांकनाची समिती यायचीय. आणि तुम्ही बढतीच्या मुलाखतीला बसणार आहात ना?”

“बसणार आहे.”

“मग जरा दमानं घ्या.”

मी ते खिडकीचे कागद त्यांच्या टेबलावर एकावर एक ठेवले. त्यांनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला. हा माणूस भौतिकशास्त्रज्ञ आहे, त्याला दिसलं. मग ते म्हणाले, “हे तुम्ही नवरा-बायको बसून मिटवा.”

नळाला पाणी आलं. आठवड्यातून एकदा येतं, थांबावं लागेल.

भरलं. तेवढ्या वेळात राग कमी होईल वाटलं होतं.

घरी कन्नडला फोन केला होता. तुला माहीत आहे, बाबांनी आपल्या निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलंय. साखर कारखान्यात जन्म घालवलेला माणूस, इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, पण त्यातलं लेकीचं नाव कुठंय ते बोटानं दाखवायचा. मी म्हटलं, बाबा, त्या कागदात खोटं निघालंय, मी तो मागं घ्यायला लावणार आहे.

“तू केलं खोटं?”

“नाही. पण नाव माझंही आहे.”

“नाव काडल्यावर नोकरी ऱ्हाती का?”

“राहते. बढती नाही मिळणार.”

“मंग काड,” ते म्हणाले. वर म्हणाले, “भिंतीवरलं आजच काडतो. तिथं कालनिर्णय लावतो.”

आज सकाळी मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. मोनालीची मोजमापं आणि एकावर एक ठेवलेल्या फेऱ्या सोबत जोडल्या. तुला प्रत पाठवलीय. चोरून काही केलेलं नाही.

मंजुषा


३ डिसेंबर २०२४

इंद्रजीत,

जूनमध्ये तुझ्या वकिलाची नोटीस आली, मी माझ्या वकिलाला दिली. संपादकांनी सात महिने ‘विचार चालू आहे’ एवढंच कळवलं. मोनालीची नोंदणी रद्द व्हायची होती, ती मी समितीत भांडून डिसेंबरपर्यंत लोंबकळत ठेवली. आणि अशात गाडेकर सरांनी विभागाच्या राष्ट्रीय परिषदेच्या उद्घाटनाला तुला बोलावलं. तू आलास! मला वाटलं होतं तुला तोंड दाखवायची हिंमत होणार नाही. मी तुला अजून ओळखत नव्हते.

शाल घेतलीस. नारळ घेतलास. आणि तोच आलेख पडद्यावर लावून तेच वाक्य म्हणालास, ‘ही माती मोडली तरी पुन्हा उभी राहते, आपल्या मराठवाड्यासारखी.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटत नाही तुला? स्वतःची बनवाबनवी मराठवाड्याच्या गळ्यात घालायला?

मी उठून विचारलं तेव्हा माझा आवाज चढलेला नव्हता. तिसऱ्या आणि अकराव्या फेरीतली थरथर एकच कशी, एवढंच विचारलं. तू हसलास आणि माइकवर म्हणालास, “मॅडमचे प्रश्न मला घरीसुद्धा संपवता आले नाहीत.” सगळा हॉल हसला. गाडेकर सर सगळ्यांत जोरात. मी खाली बसले.

मग मागच्या रांगेतून मोनाली उठली. तिला माइक दिला नाही कुणी. ती तशीच बोलली, सोयगावच्या बाजारात हाक मारावी तसल्या आवाजात.

“सर, मी तुमची कुणी लागत नाही. मला उत्तर द्या.”

पुढं तू काय केलंस ते तुला माहीत आहे. वेळ संपली म्हणालास, चहा थंड होतोय म्हणालास, बाजूच्या दारानं गाडीत बसून चिकलठाण्याला विमान गाठलंस. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगायलाच हे पत्र.

चहाच्या टेबलापाशी आम्ही दोघी उभ्या होतो आणि आमच्या भोवती कुणी नव्हतं. लोक बशा घेऊन लांबून जात होते. तुझा वर्गमित्र बद्रीनाथ, आपल्या लग्नात साक्षीची सही करणारा, माझ्याजवळून मान खाली घालून गेला. मोनाली म्हणाली, “मॅडम, मी जास्त बोलले का?” मी म्हटलं, “अजून बोलायला हवं होतंस.”

तेव्हा एक बाई हातात कप घेऊन सरळ आमच्याकडं आल्या. प्रा. राजनंदिनी कुलथे, पुण्याच्या. नाव तू ऐकलं असशील, तुझ्याच विषयातल्या आहेत. मला त्या नीट माहीत नव्हत्या. घटस्फोटाबद्दल नाही, सुडाबद्दल नाही, काही विचारलं नाही. म्हणाल्या, “ती माती शिल्लक आहे का?”

“आहे.”

“थोडी द्या. माझ्या यंत्रावर लावून बघते. आणि ही मुलगी आठ दिवस पाठवा. तिचा हात मला बघायचाय.”

मी तिथंच रडले असते, पण समोर गाडेकर सर होते.

मोनाली उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघतेय. मातीची बरणी तिनं मांडीवर घेऊन बसायचं ठरवलंय.

मंजुषा


१९ ऑगस्ट २०२५

इंद्रजीत,

तुझा मेसेज आला. ‘समाधान झालं?’

नाही झालं. बस, वाच.

शोधनिबंध मागं घेतला गेला. कुलथे मॅडमच्या यंत्रावरही तेल घातलं की जेल पातळच राहिला. मग संपादकांना हलावं लागलं. आता तो इंटरनेटवर उघडला की प्रत्येक पानावर लाल अक्षरांत आडवा शिक्का दिसतो, आणि त्याखाली दोन नावं. तुझं आणि माझं. शिक्का दोघांना सारखाच. कुणी बनवलं आणि कुणी दाखवून दिलं, तो रंगात फरक करत नाही.

जुलैमध्ये माझी मुलाखत झाली. पॅनलमधल्या एका गृहस्थांनी विचारलं, “तुमचा सर्वांत महत्त्वाचा शोधनिबंध कोणता?” मी म्हटलं, तो मागं घेतलाय. मीच घ्यायला लावला. ते म्हणाले, “असं का?” आणि पुढचं पान उलटलं. जागा दुसऱ्याला गेली. गाडेकर सर परवा जिन्यात म्हणाले, “मी सांगितलं होतं ना, दमानं घ्या.” ह्या वेळी मी उत्तर दिलं. इथं लिहीत नाही, पण कार्यालयातल्या सगळ्यांनी ते ऐकलंय आणि तेव्हापासून सर दुसऱ्या जिन्यानं जातात.

तुझ्या संस्थेत चौकशी ‘चालू आहे’. मागच्या महिन्यात लासूर स्टेशनला तुझा सत्कार झाला, फेट्यातला फोटो पेपरात बघितला. तू अजून प्रोफेसर आहेस, तुझे विद्यार्थी अजून तुला सर म्हणतात, आणि त्यांच्यातलं कोण आत्ता ह्या क्षणी तुझ्या कुठल्या आलेखामागं पळतंय हे मला माहीत नाही. समाधान कुठलं विचारतोस?

काल मोनालीची शेवटची तोंडी परीक्षा झाली. प्रबंधाचा विषय: वाळणाऱ्या कडांमुळे मऊ द्रव्यांच्या मोजमापात होणारी फसगत. सहमार्गदर्शक म्हणून तुला रीतसर पत्र गेलं होतं. टेबलावर तुझ्या नावाची पाटीही कुणीतरी मांडली होती. ती मी उचलली नाही. असू दे म्हटलं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, शांत. तासभर त्यांनी तिला चांगलं घासलं. ती कुठं अडली नाही. मग ते म्हणाले, “ज्या शोधनिबंधाचं तुम्ही खंडन केलंत, तो कुणाचा?”

मोनालीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, “प्राध्यापक इंद्रजीत औताडे. आणि माझ्या मॅडम.”

हॉलमध्ये विभागातले सगळे, तिच्या मैत्रिणी, मागं कडूबाई.

परीक्षक माझ्याकडं वळले. “मॅडम, सही करताना मूळ मोजमापं बघितली होती?”

“नाही.”

“का?”

“ज्यानं घेतली होती त्याच्यावर विश्वास होता.”

“आणि ते कुठं आहेत?”

सगळ्यांनी त्या पाटीकडं बघितलं. मी म्हटलं, “बोलावलं होतं. आले नाहीत.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि उठून मोनालीला म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.”

बाहेर व्हरांड्यात कडूबाईंनी पेढ्यांचा पुडा सोडला. सोयगावहून आणलेला, उन्हानं जरा घामेजलेला. शिपायापासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवला. गाडेकर सरांनी दोन घेतले. माझ्या पायाला हात लावायला निघाल्या, मी त्यांचे दंड धरले.

“बाई, पोरीनं नाव काडलं. तुमी व्हत्या म्हनून.”

“ती होती म्हणून, मावशी.”

मग त्यांनी पुड्यातला एक पेढा वेगळा काढला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट गुंडाळला आणि माझ्या पुढं धरला. “ह्यो त्या मोठ्या सरांसाठी. पैल्यांदा नाय म्हनले, पन शिकवलं तर असंलच ना त्येंनी. लई लांब ऱ्हात्यात म्हनं. तुमी धाडा कुनाच्या हातानं.”

मोनालीनं तिच्या आईला काहीच सांगितलं नव्हतं, आणि परीक्षा सगळी इंग्रजीत झाली होती. ती लाल होऊन माझ्याकडं बघत होती, आता मॅडम काय बोलतात म्हणून.

मी कागद सोडला आणि तुझा पेढा तिथंच, कडूबाईंच्या समोर, अख्खा तोंडात टाकला.

“अवं बाई!” त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

चांगला होता. वेलदोडा घातला होता.

मंजुषा